मागून हाक मारायची नाही

आमच्या दादांनी आयुष्यात ठरवल्याशिवाय एक काम केलं नाही, आणि ठरवलेलं काम करताना त्याच्याकडं कधी पाहिलं नाही. बापाबद्दल मुलीनं असं लिहू नये, हे मला कळतं. पण चांगलं लिहायला दुसरी माणसं होती आणि त्यांनी ते लिहूनही टाकलंय. दादा निवृत्त झाले तेव्हा कचेरीतल्या लोकांनी त्यांना मानपत्र दिलं. त्यात 'शिस्त आणि नियोजन यांचा मूर्तिमंत आदर्श' असे शब्द छापलेत. ते काच लावून घरात टांगलं आहे. खिळा कुठं ठोकायचा ते दादांनी आधी पट्टीनं मोजून पेन्सिलीची खूण केली, आणि ठोकताना हात रोज टोपी अडकवायच्या जागी गेला. आता तिथं मानपत्र आहे आणि टोपीला जागा नाही.

दादा म्हणजे त्र्यंबक नृसिंह सांगवडेकर. कोल्हापुरात शुक्रवार पेठेत आमचं बिऱ्हाड. दरबारच्या नोकरीत कारकून म्हणून लागले आणि संस्थान मुंबई राज्यात गेलं तेव्हा खुर्चीसकट तिकडं गेले. अंगानं किडकिडीत, बंद गळ्याचा कोट, काळी टोपी, बगलेत छत्री. चालताना नजर समोर, कुणाकडं नाही. लोकांना वाटायचं, केवढ्या विचारात चाललाय माणूस. विचार वगैरे काही नसायचा. ते नुसते चाललेले असायचे.

रविवारी जेवणं झाली की घरात कुणी मोठ्यानं बोलायचं नाही, कारण दादा आखणीला बसत. दरबारच्या जुन्या कागदांची मागची कोरी बाजू घ्यायची, पट्टीनं सात रकाने पाडायचे आणि आठवडा लिहून काढायचा. सहाला दूध, साडेसहाला दाढी, गुरुवारी नखं, शनिवारी छत्रीच्या काड्यांना तेल. संध्याकाळी साडेसात ते पावणेआठ 'विमलाचा अभ्यास विचारणे' असंही असे. विमला म्हणजे मी. एकदा पावणेआठला भूमितीचं प्रमेय अडलं म्हणून गेले, तर वेळ संपली असं सांगून त्यांनी मला परत पाठवलं. तेव्हा ते काही करत नव्हते. आठची वाट बघत बसले होते.

त्या कागदावर लाल-निळ्या पेन्सिलीनं ते खुणा करीत. काम झाल्यावर खूण करायची ही तुमची-माझी रीत. दादांची वेगळी. कामाची तयारी झाली की ते निळी खूण करून मोकळे होत. छत्री आणि तेलाची बाटली शेजारी शेजारी ठेवली की झाली खूण. त्यांचं म्हणणं असं, की आखणी हे डोक्याचं काम, पुढचं हातापायांचं. हातापायांना डोकं लावणं म्हणजे साहेबानं टपाल वाटत हिंडणं. हे वाक्य त्यांनी घरात, दारात, दुधाच्या कट्ट्यावर इतक्या वेळा ऐकवलं होतं की शेजारपाजारचे लोक ते एकमेकांना सांगून हसत.

विलीनीकरण झालं एकोणपन्नासच्या मार्चात, एक तारखेला, मंगळवारी. आदल्या रविवारी दादांनी आखणीत लिहून ठेवलं, 'मंगळवारपासून कागदाच्या माथ्यावर नवे सरकार.' पुढं निळी खूण. आणि गणपती येईपर्यंत त्यांचा हात प्रत्येक कागदाच्या माथ्यावर 'करवीर इलाखा' लिहीत होता. साहेब लाल रेघ मारून कागद परत पाठवायचे. दादांनी त्याचा दोष टाकाला दिला. नवा टाक आणला, त्यानंही तेच लिहिलं.

आमची माई, म्हणजे माझी आई, असल्या माणसाशी वीस वर्षं संसार करत होती. तिनं कधी काही लिहून ठेवलं नाही. चुलीवर आमटी, हातात माझी वेणी आणि कान नळाकडं, पाणी आलं की उठायला. दादा तिला बेशिस्त म्हणत. तिच्या हातून दूध कधी उतू गेलं नाही, याचंही त्यांना कौतुक नव्हतं, कारण ती ते वेळ न ठरवता करायची. एकदा त्यांनी शिकवायचं मनावर घेतलं. दूध सहा वीसला ठेवायचं, सहा बत्तीसला उतरवायचं. स्वतः चुलीसमोर पाट घेऊन बसले, हातात घड्याळ. सहा एकोणतीसला दूध उतू जाऊन चूल विझली. दादा घड्याळाकडं बघत होते. माई पदर तोंडाला लावून बाहेर गेली, आणि दादांनी दुसऱ्या दिवशी ज्ञानूला झापलं की त्याच्या म्हशीचं दूध नेमानं तापत नाही.

ज्ञानू आमचा गवळी. बोळाच्या तोंडाशी तीन रस्ते मिळतात त्या तिकटीजवळच्या कट्ट्यावर सकाळी म्हशी आणून बांधायचा, अकरापर्यंत तिथंच असायचा, आणि गिऱ्हाइकाच्या डोळ्यांसमोर पिळून भांड्यात धार सोडायचा. दादा रोज सहाला तांब्या घेऊन तिथं. एकदा ज्ञानू सोयऱ्याच्या लग्नाला गगनबावड्याला गेला. तीन दिवस येणार नाही, हे त्यानं आठवडाभर आधी सांगितलं होतं. दादांनी ते आखणीत लिहिलंही होतं. तरी तिन्ही दिवस सहाला दादा तांब्या घेऊन रिकाम्या कट्ट्यासमोर उभे. पहिल्या दिवशी पाव तास उभे होते म्हणे. म्हैस नाही, गवळी नाही, आणि हा गृहस्थ तांब्या पुढं धरून उभा. पेठेतल्या बायकांनी वर्षभर ते पुरवून पुरवून सांगितलं, आणि मी मान खाली घालून ऐकलं.

आता आमच्या घरातली एक रीत सांगते, म्हणजे पुढचं कळेल. माणूस कामाला निघाला की त्याला मागून हाक मारायची नाही. कुठं निघालात, असंही विचारायचं नाही. मारलीच हाक कुणी, तर त्यानं परत यायचं, वहाणा काढून बसायचं, घोटभर पाणी प्यायचं आणि मग नव्यानं निघायचं. ही रीत आमच्या एकट्याची नव्हे, सगळ्या पेठेची. पण आमच्याकडं ती फार कडक होती. लहानपणी एकदा दादांचा डबा राहिला म्हणून मी 'दादा' अशी हाक मारली, त्याबद्दल दोन दिवस माझ्याशी कुणी धड बोललं नव्हतं. डबा तसाच राहिला होता.

एकावन्न साली मी मॅट्रिक झाले. गावात बायकांचं एक ट्रेनिंग कॉलेज होतं. दोन वर्षं शिकायचं आणि शाळेत मास्तरीण व्हायचं. मला दुसरं काही नको होतं. फळा-खडू हातात घेऊन उभं राहायची स्वप्नं मी पाचवीपासून बघत होते, आणि आमच्या बोळातल्या सगळ्या लहान पोरी माझ्यापुढं बसून पाढे म्हणून दमल्या होत्या. माईनं दोन महिने दादांच्या मागं भुणभुण लावली तेव्हा त्यांनी अर्ज भरला. नाव लागलं. सोळा जागा, त्यात माझं नाव चौदावं. पत्रात लिहिलं होतं की गुरुवारी दुपारी बाराच्या आत पालकानं स्वतः येऊन मूळ दाखले द्यावेत आणि हमीपत्रावर सही करावी. न आल्यास जागा यादीतल्या पुढच्या मुलीला दिली जाईल.

पत्र शनिवारी आलं होतं. मी म्हटलं, दादा, सोमवारीच जाऊन या. त्यांनी माझ्याकडं असं पाहिलं की जणू मी पंगतीत उठून नाचले. गुरुवार दिलाय तर गुरुवारी जायचं. सोमवारच्या रकान्यात सोमवारची कामं आहेत. आणि मग त्यांनी त्या गुरुवारची जी आखणी केली, तशी मी लग्नातही कुणाची पाहिली नाही. अर्ध्या दिवसाची रजा. डबा नको, कारण काम आटोपून जेवायला घरी. दाखल्यांचा लिफाफा कोटाच्या आतल्या खिशात. साडेदहाला घर सोडायचं, तिकटीवर उजवीकडं वळायचं, अकराच्या आधी कॉलेज. तिकटीवरून डावीकडं कचेरी होती, एकोणीस वर्षं ते डावीकडं वळत होते. म्हणून 'उजवीकडे' खाली लाल रेघ. बुधवारी सकाळी कट्ट्यावर ज्ञानूलाही हे सगळं चार वेळा सांगून झालं.

गुरुवार उजाडला आणि मी बाजूला बसले. त्या काळी महिन्याचे तीन दिवस आम्हाला घरात कशाला शिवायची सोय नव्हती. जिन्याखाली एक खोली होती, तिला रस्त्याकडं गजांची खिडकी. तिथं चटई, तांब्या, आणि आपलं नशीब. माईनं बजावलं की निघताना तोंड दाखवू नकोस, शुभ कामाला चाललेत. मी कानांनी सगळं बघत होते. देवापुढची घंटा, दाढीच्या वाटीचा आवाज, कोटाचं बटण. माईनं त्यांच्या हातावर दही घातलं. दादांनी लिफाफा खिशात ठेवला, आखणीचा कागद काढला आणि निळी खूण केली. पेन्सिलीचा तो करकर आवाज मला आतपर्यंत ऐकू आला.

ते उंबऱ्याबाहेर पडले तेव्हा मी खिडकीशी गेले. माई दारात उभी होती. दादा बोळातून चालत गेले, नेहमीसारखे, नजर समोर, छत्री बगलेत. तिकटीवर पोचले आणि एक पाऊल थांबले. मागं वळून पाहिलं. मी गजांना धरून उभी होते, मला हलायचं सुचलं नाही. त्यांनी टोपी सारखी केली आणि डावीकडं वळले.

मी माईकडं पाहिलं. माईनं माझ्याकडं पाहिलं. दोन शब्दांचं काम होतं. 'इकडं, दादा.' ते अजून हाकेच्या टप्प्यात होते, त्यांची टोपी कोपऱ्यावरच्या भिंतीवरून दिसत होती. शुभ कामाला निघालेला माणूस, हातावर दही घेतलेला, आणि त्याला मागून हाक मारणार कोण, तर बाजूला बसलेली मुलगी. मी हाक मारली नाही. टोपी दिसेनाशी झाली.

माई हळूच म्हणाली, "त्यांच्या आखणीत असेल काहीतरी."

मीही ते मानलं. हे लिहिताना आज माझीच मला चीड येते. ज्या माणसाला रिकाम्या कट्ट्यावर तीन दिवस म्हैस नाही हे दिसलं नाही, त्याच्याबद्दल आम्ही दोघी शहाण्या बायका म्हणालो की आखणीत असेल. कचेरीत रजेचा कागद द्यायचा असेल. साहेबांना भेटायचं असेल. मग जातील. आम्ही इतकी वर्षं त्यांची आखणी ऐकली होती, की डोळ्यांना दिसलेलं खोटं आणि कागदावरचं खरं, असं आमचंच होऊन गेलं होतं.

बाराचा भोंगा झाला. मी चटईवर बसून तो शेवटपर्यंत ऐकला.

पुढं काय झालं ते तुकड्या तुकड्यांनी कळलं. दादा कचेरीत गेले, हजेरीपटावर सही केली, खुर्चीवर बसले आणि कागद ओढले. शेजारच्या टेबलावरच्या माणसानं विचारलं, आज रजा ना. दादा हो म्हणाले आणि लिहीत राहिले. हे मला त्या माणसाच्या बायकोनंच सांगितलं, मी रचलेलं नाही. दीडला जेवणाची सुट्टी झाली. दादांचा हात टेबलाखाली डब्याकडं गेला. डबा नव्हता. हात चाचपडला, वर आला, खिशात गेला, आणि तिथं लिफाफा लागला. तीन तास जो कागद छातीला टेकून होता, त्याची आठवण व्हायला पोट रिकामं असावं लागलं.

मग म्हणे ते पळत कॉलेजात गेले. तिथल्या बाईंनी शांतपणे सांगितलं की बाराला यादी पुरी केली, पुढची मुलगी आणि तिचे वडील सकाळपासून व्हरांड्यात बसून होते. त्यांना नावं ठेवायला मला जागा नाही. त्यांनी पत्रात लिहिलं तसं केलं.

दादा घरी आले ते चारच्या पुढं. माझ्या खिडकीकडं न बघता आत गेले. कोट खुंटीला लावला आणि माईला सांगितलं की जागा भरली. एवढंच. माईनं विचारलं नाही आणि त्यांनी सांगितलं नाही. चौथ्या दिवशी न्हाऊन मी घरात वावरायला लागले तेव्हा झाडताना मला तो आखणीचा कागद सापडला. गुरुवारच्या रकान्यात 'विमलाचे दाखले' आणि पुढं ठसठशीत निळी खूण. ती त्यांनी खोडलीसुद्धा नव्हती. त्यांच्या हिशेबी ते काम झालेलं होतं.

ज्ञानूला मी कट्ट्यावर विचारलं, तू त्यांना डावीकडं वळताना बघितलंस ना. तो म्हशीच्या पोटाला डोकं टेकून धार काढत होता, तसाच म्हणाला, "बघितलं की. पर चांगल्या कामाला निघाल्याला मानूस, कुठं चाललाय म्हनून इचारायचं व्हय, ताई?"

म्हणजे तिघांनी पाहिलं होतं. अख्ख्या तिकटीनं पाहिलं असेल. दादा सोडून सगळ्यांचं लक्ष होतं.

ते विसरले याचा राग मी कदाचित गिळला असता. पण गावात कुणी विचारलं की दादा सांगत, मुलीचीच फारशी इच्छा नव्हती. हे ते माझ्यासमोर सांगत, मी चहाचे कप ठेवत असताना. पुढच्या वर्षी पुन्हा अर्ज करता आला असता. पण पुढच्या वर्षाच्या आखणीत त्यांनी माझं लग्न लिहिलं होतं, आणि ती एक निळी खूण मात्र वेळेवर खरी झाली. बावन्नच्या वैशाखात मी मुरगूडला आले. आमचे हे तिथल्या शाळेत मास्तर आहेत. माणूस चांगला, पण आळशी. मुलांच्या वह्या मी तपासते, खाली सही त्यांची असते. ट्रेनिंग झालेली बायको नको होती त्यांना, आणि बिनट्रेनिंगची आयती मिळाली.

त्यानंतर दादा माझ्या लेखी संपले. पत्राला उत्तर लिहायची, माहेरपणाला जायची, पाया पडायची. पण त्यांच्याकडं बघताना मला ते रिकाम्या कट्ट्यापुढं तांब्या धरलेलेच दिसायचे. कुणी त्यांच्या शिस्तीची स्तुती केली की मी गालातल्या गालात हसायची. सहा वर्षं मी त्या हसण्यावर काढली, आणि मला ते गोड लागत होतं.

सत्तावन्न साली दादा निवृत्त झाले आणि त्या हिवाळ्यात आठ दिवसांसाठी आमच्याकडं आले. येताना आखणीचा कागद होताच. माझ्या सासूबाई, त्यांना आम्ही आक्का म्हणतो, पहिल्या दिवशी कौतुकानं बघत राहिल्या. तिसऱ्या दिवशी मला म्हणाल्या, तुझे वडील आंघोळ झाल्यावर पुन्हा आंघोळीला निघाले होते गं. मी म्हटलं, कागदावर दोनदा लिहिलं गेलं असेल.

जायच्या दिवशी अडीचची गाडी होती. सव्वादोनला निघायचं, बोळाच्या तोंडाशी उजवीकडं वळायचं की जवळच स्टँड. डावीकडं मळे लागतात. सगळ्यांचे निरोप घेऊन, पिशवी हातात घेऊन दादा उतरले. मी दारात उभी. शेजारच्या धोंडुबाई त्यांच्या पायरीवर शेंगा फोडत होत्या. दादा बोळातून चालत गेले, नजर समोर, छत्री बगलेत, आणि तोंडाशी जाऊन डावीकडं वळले. स्टँडची पाटी उजवीकडं ढळढळीत दिसत होती. शुक्रवार पेठेतले पाय मुरगुडात चालत होते.

मी असा घसा फोडून ओरडले की कावळे उडाले असतील. "दादा, इकडं, उजवीकडं."

धोंडुबाईंच्या हातातली शेंग तशीच राहिली. "अगं बया, मागनं हाक मारतीस व्हय बापाला?"

दादा थांबले. गाडी समोर उभी होती, ड्रायव्हर चढत होता. पन्नास पावलं चालायची होती. आणि हा माणूस मागं वळला, बोळ चढून आला, वहाणा काढल्या, ओट्यावर बसला आणि पाणी मागितलं. मी पाणी दिलं. त्यांनी घोट घोट घेतलं. स्टँडवर गाडीचा हॉर्न वाजला, मग इंजिनाचा आवाज, मग धूळ. दादांनी भांडं खाली ठेवलं.

"तू हाक मारलीस, म्हणून गाडी चुकली," ते म्हणाले.

माझ्या डोक्यात काहीतरी तडकलं. सासर आहे, आक्का आत आहेत, धोंडुबाई ऐकताहेत, कशाचं भान राहिलं नाही. मी म्हटलं, "आणि त्या दिवशी मारली नाही, म्हणून माझं कॉलेज चुकलं."

सहा वर्षांत हे पहिल्यांदा बोललं गेलं. दादा ओट्यावर बसून पायांच्या अंगठ्यांकडं बघत होते. मला वाटलं, आता म्हणतील की तुझीच इच्छा नव्हती. मी ते ऐकायला तयार होते, माझं उत्तरही तयार होतं, सहा वर्षं घासून ठेवलेलं.

दादा म्हणाले, "तिकटीवर मला काहीतरी खटकलं होतं. काय ते कळेना. म्हणून मागं पाहिलं. तू खिडकीत होतीस. म्हटलं, पोरीचं काम आहे, पोरगी बघतेय. चुकत असतो तर बोलली असती."

एवढं बोलून त्यांनी रिकामं भांडं उचललं, तोंडाला लावलं, त्यात पाणी नाही हे कळल्यावर पुन्हा खाली ठेवलं.

मला त्यांचा संताप आला. म्हणजे हेही माझ्यावरच. सहा वर्षं मनात ठेवून हा माणूस मानपत्रं घेत फिरला. आणि त्याच वेळी मला ती तिकटी दिसली, तो एका पावलाचा खोळंबा, ती टोपी सारखी करणं. एकोणीस वर्षांत तो माणूस त्या जागी एकदाच थांबला होता. एकदाच मान वळवून, लक्ष देऊन, त्यानं कुणाला तरी विचारलं होतं. मी त्याच्या डोळ्यांत बघत उभी राहिले आणि गप्प बसले. रीत पाळली. मीही न बघता चालले होते, माझे पाय तेवढे जाग्यावर होते.

त्यांची कीव आली असं मी म्हणणार नाही. आली नाही. त्यांच्यावरचं माझं ते हसू मात्र त्या दिवशी गेलं, आणि खरं सांगते, मला ते जायला नको होतं. ते नसलं की उरतं काय, तर चौदावं नाव आणि खिडकीचे गज.

पुढची गाडी साडेचारला होती. तोवर आम्ही दोघं ओट्यावर बसून राहिलो. आक्कांनी चहा आणून ठेवला आणि आत गेल्या. सव्वाचारला मी उठले, चपला घातल्या, त्यांची पिशवी उचलली आणि त्यांच्या पुढं चालू लागले. बोळाच्या तोंडाशी मी थांबले आणि मागं वळून पाहिलं. दादा रस्त्याकडं नाही, माझ्याकडं बघत होते.

"इकडं, दादा," मी म्हटलं.